मार्मोसेटला केळी आणि बेबी फूड पुरतं का? मागचे पाय लटपटतायत

कोथरूडकर७:
चुलतभावाने हौसेने मार्मोसेट घेतलंय, ते ब्राझीलचं बारकं माकड, कानाशी पांढरे झुपके असतात ना ते. दुकानवाल्याने सांगितलं केळी, द्राक्षं आणि बेबी फूड द्या, बास. आधी पडद्यावर सरसर चढायचं, आता उडी मारायला कचरतं, मागचे पाय लटपटतात, आणि दिवसभर बंद खिडकीत ऊन खात बसलेलं असतं तरी हे असं. भाऊ म्हणतो घरातलं कॅल्शियमचं सिरप चालू करतो. कुणी पाळलंय का?

बाभूळबन:
सिरप राहू दे, उद्याच्या उद्या एक्झॉटिक प्राणी बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या, एक्स-रे काढावा लागेल. ऐकून तरी हाडं मऊ पडल्यासारखं वाटतंय, लहान मुलांना मुडदूस होतो तसलंच. काचेतून ऊब येते पण यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण, ज्यांनी अंगात डी व्हिटॅमिन तयार होतं) काचेतच अडतं, त्यामुळे त्या खिडकीतल्या उन्हाचा डी व्हिटॅमिनसाठी काही उपयोग नाही. त्यात दक्षिण अमेरिकेतल्या माकडांना डी३ (डी२ आणि डी३ हे डी व्हिटॅमिनचेच दोन प्रकार) आपल्याकडच्या माकडांपेक्षा बरंच जास्त लागतं आणि डी२ त्यांच्या फारसं अंगी लागत नाही. पण म्हणून अंदाजे थेंब पाजू नका, डी३ जास्त झालं तर किडनीत कॅल्शियम साठतं. डोस डॉक्टरच ठरवणार.

आता खाण्याचं. हा प्राणी मुळात डिंकखाऊ आहे हो! खालचे पुढचे दात लांब असतात, त्यांनी झाडाची साल कोरतो आणि पाझरलेला डिंक चाटतो, नखंसुद्धा चपटी नाहीत, खोडाला धरून राहता यावं म्हणून नख्यांसारखी अणकुचीदार. डिंक पटकन पचत नाही, तो आंबवायला मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी चांगली लांबरुंद असते. आणि मुख्य म्हणजे हा किडेही खातो, त्या किड्यांमध्ये फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम कमी, ती कसर डिंकातलं कॅल्शियम भरून काढतं. केळी-द्राक्षात यातलं काहीच नाही, नुसती साखर.

घरी करायचं तर वाण्याकडचा साधा बाभळीचा डिंक पाण्यात भिजवा (तुपात तळलेला नाही, लाडू करायचे नाहीयेत), ओंडक्याला भोकं पाडून त्यात भरा. वाटीत दिला तर चाटूनपुसून लगेच मोकळं, मग दिवसभर करायचं काय त्याने? बाकी दक्षिण अमेरिकेतल्या माकडांसाठीच्या डी३ घातलेल्या पेलेट्स (तयार खाद्याच्या गोळ्या) मिळतात त्या मुख्य, सोबत नाकतोडे, थोडं उकडलेलं अंडं, भाज्या.

उगाच_उद्योगी:
काय राव, माकडाने केळं खायचं नाही म्हणजे कमालच झाली. महाबळेश्वरला या, हातातली पिशवी ओढून नेतात, ठणठणीत असतात सगळी

डेव्हनवाली:
@उगाच_उद्योगी खातात हो, पण मानवतं का ते बघा. मी इंग्लंडमध्ये डेव्हनला राहते, इथल्या पेंटन झूने २०१४ मध्येच माकडांची केळी बंद केल्याचं जाहीर केलं होतं. कारण आपण खातो ती फळं गोडीसाठी जोपासलेली, जंगली फळांच्या मानाने त्यात साखर जास्त आणि प्रोटीन, फायबर कमी, मग दात किडतात, पोटं बिघडतात, डायबेटिसचा धोका. फळांऐवजी पालेभाज्या वाढवल्या. मेलबर्नच्या झूमध्येही २०१८ च्या आसपास हेच, तिथे तर रेड पांडांचीही फळं काढली, वजनं वाढली होती म्हणून. आणि महाबळेश्वरची माकडं म्हणजे मॅकाक, वेगळ्याच जातीची, दिवसभर हुंदडणारी, त्यांची बरोबरी पिंजऱ्यातल्या जेमतेम तीन-चारशे ग्रॅमच्या जिवाशी कशाला?

कोथरूडकर७:
थँक्स सगळ्यांना, भावाला धागा पाठवलाय. पण ते केळ्याशिवाय कशाला तोंडच लावत नाही, मग एकदम बंद करायचं का? उपाशी राहील ना

बाभूळबन:
एकदम नाही. एवढ्याशा प्राण्याला उपास झेपत नाही. पेलेट भिजवून त्यात चमचाभर केळं कुस्करा, मग रोज केळं थोडं थोडं कमी करत जा. आणि पूर्ण सुटलं तरी एखादं घरात ठेवा, कडू औषध लपवायला केळ्यासारखं काही नाही, पेंटनवालेसुद्धा आजारी माकडाला गोळी त्यातूनच द्यायचे. पिंजऱ्यात यूव्हीबीचा दिवाही लागेल, तो किती अंतरावर लावायचा ते डॉक्टरांना विचारा.

सातबारा_उतारा:
परिवेश पोर्टलवर (केंद्राच्या पर्यावरण खात्याचं) नोंदणी केलीय का भावाने? २०२२ च्या वन्यजीव कायद्यातल्या दुरुस्तीनंतर साइट्सच्या (CITES, वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतल्या विदेशी प्राण्यांना ती लागते, आणि मार्मोसेट त्या यादीत आहे. दुकानवाल्याने कागद दिलेत का ते आधी बघा