मदत हवी आहे: ब्रोकरने रिन्यूअलला कंपनीच बदलली, जुनं कव्हर गेलं?
कोथरूडला राहतो. बाबांची मेडिक्लेम पॉलिसी बरीच वर्षं एकाच कंपनीत होती, शुगर केव्हाच कव्हर झालेली. यंदा ब्रोकर म्हणाला दुसरीकडे प्रीमियम कमी बसतो, फायदे सगळे तेच, आणि आता कागद हातात आले तर पोर्ट (म्हणजे जुने फायदे राखून कंपनी बदलणं) केलेलीच नाही हो, चक्क नवीन पॉलिसी काढलीये, म्हणजे जुन्या आजारांना ३६ महिने वेटिंग परत पहिल्यापासून! या वयात कुठे थांबायचं? नवी पॉलिसी परत करायचा ३० दिवसांचा फ्री लुक चालू आहे, जुन्या पॉलिसीचा ग्रेस पिरियडही (उशिरा प्रीमियम भरायची मुदत) संपला नाहीये. मग आधी जुनीचे पैसे भरून नवी रद्द करायची ना? कंटिन्युइटी मिळते का, म्हणजे जुनं कव्हर तसंच पुढे चालू राहतं का, कोणी केलंय असं? ब्रोकर अर्थातच फोन उचलत नाहीये, त्याची तक्रार बीमा भरोसावर (विमा नियामकाचं तक्रार पोर्टल) टाकू का?