मॅशअप: बटण दाबलं की झालं?

सुरसागर_साउंड: "दोन गाणी सॉफ्टवेअरात टाकली, बटण दाबलं, एकाचा आवाज दुसऱ्याच्या वाद्यांवर, मॅशअप तयार. लाखो लोक बघतात म्हणून ती कला होत नाही." दांडियाबाजारकर, हे तुम्ही लिहिलंत, आता ते बटण कुठे असतं तेवढं दाखवा. आवाज वाद्यांपासून सोडवायला 2019पासून स्प्लीटर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, कबूल. पण सुटलेल्या आवाजाला झांजेचा सळसळाट आणि रिव्हर्बची, म्हणजे घुमण्याची, शेपटी चिकटलेली असते. 120 हर्ट्झखालचा खर्ज कापा, तरी शेपटी उरतेच. मग सूर. ए मायनर पट्टीचं गाणं सी मेजर पट्टीवर बसतं; दुसऱ्या स्वराला नेताना दोनेक सेमिटोनपलीकडे (सेमिटोन म्हणजे पेटीची लगतची एक पट्टी) ओढलंत की गायकाचं पोर होतं नाहीतर राक्षस. जुनी गाणी क्लिकवर, म्हणजे यंत्राच्या एकसारख्या टकटकीवर, वाजवलेलीच नाहीत, अंतऱ्यात तबला पुढे सरकतो. मिनिटाला 96 मात्रांच्या ठेक्यावर 98ने गेलेला आवाज अर्ध्या मिनिटात अख्खी मात्रा पुढे निघतो. म्हणून दर चार आवर्तनांनी सॉफ्टवेअरात मार्कर, म्हणजे खुणेची खुंटी, ठोकून हाताने ताणायचं. हे बटण?

दांडियाबाजारकर: मेहनत दिसली, कला नाही. शिंपीही ठिगळ मोजूनच लावतो. आणि कापड कुणाचं? 1957च्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क 60 वर्षांचा, शब्द आणि चाल मात्र कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. 1960ची तबकडी मोकळी झाली म्हणून गाणं मोकळं होत नाही.

शेरीगरबा_जिंदाबाद: कायदा राहू द्या हो. नवरात्रात पॉप गाणी हींचवर, गरब्याच्या ठेक्यावर, चढवतात त्याचं बोला! टाळी कुठे पडायची तेच कळत नाही.

सुरसागर_साउंड: कारण चढवणाऱ्याने फक्त बीपीएम, म्हणजे मिनिटाच्या मात्रा, जुळवला. पॉपची मात्रा चारात फुटते, हींचची तिनात. मात्रा मात्रेवर बसते, मधली अक्षरं भांडतात. लांब सुरांचं गाणं निभावतं, रॅपचा चिवडा होतो.

शेरीगरबा_जिंदाबाद: मग स्विंग द्या की, म्हणजे मधले ठोके जरा उशिरा पाडा. 66 टक्क्यांवर नेलं की तिनाच्या जवळ येतं.

सुरसागर_साउंड: ड्रमचं येतं. गायलेल्या आवाजाला स्विंगची कळ नसते, अक्षर न् अक्षर कापून सरकवा. कापल्या जागी दहाएक मिलिसेकंदांचा फेड, म्हणजे आवाजाचा हळू चढ-उतार, दिला नाही तर टकटक ऐकू येते.

शेरीगरबा_जिंदाबाद: म्हणजे मॅशअप न करणंच उत्तम. हेच तर म्हणत होतो! केरवा आहे ना आठ मात्रांचा, पॉपला तो द्या, हींच सोडा.

दांडियाबाजारकर: वा, गरब्यातून हींच काढा म्हणजे मॅशअपवाले सुखी. देवीलाही विचारा एकदा.

सुरसागर_साउंड: देवीला मध्ये आणू नका. 2004मध्ये डेंजर माउस या निर्मात्याने रॅपर जे-झीचा आवाज बीटल्सच्या वाद्यांवर बसवला, बीटल्सच्या रेकॉर्ड कंपनीने, ईएमआयने, वाटप थांबवायला लावलं, आणि 24 फेब्रुवारीला निषेध म्हणून लोकांनी ते मुद्दाम इंटरनेटवर जागोजाग चढवलं. नुसत्या ठिगळासाठी कोण इतकं करतं?

दांडियाबाजारकर: बरं, तो एक शिंपी चांगला. समाधान? बाकीचे आवाज अर्धा सेमिटोन सरकवून कंटेंट आयडीला, यूट्यूबच्या गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेला, चकवायला बघतात, म्हणूनच निम्मे मॅशअप बेसूर. त्याला कुठला मार्कर ठोकणार?

सुरसागर_साउंड: त्यांच्या डोक्यात. पण तो आळस झाला, मॅशअपचा दोष नव्हे.

शेरीगरबा_जिंदाबाद: आणि टाळीचं काय?