‘नॅश इक्विलिब्रियम’ : तोडगा, समतोल की कोंडी?

गोदाकाठ : वायरलेसच्या गेम थिअरीवरच्या (एकमेकांवर परिणाम करणाऱ्या निर्णयांचं गणित) मराठी टिपणात ‘नॅश इक्विलिब्रियम’साठी ‘नॅश तोडगा’ असं वाचलं. बरोबर आहे का?

पंचवटीकर : नाही. तोडगा वाटाघाटीतून निघतो. इथे कुणी कुणाशी बोलतच नाही. शिवाय गणितज्ञ जॉन नॅशने १९५०मध्येच सौद्याच्या प्रश्नावर वेगळा निबंध लिहिलाय, त्यातल्या ‘सोल्यूशन’साठी तोडगा राखून ठेवा. इक्विलिब्रियम म्हणजे ‘समतोल’ : बाकीचे आहेत तिथेच राहिले, तर एकट्याने खेळी बदलून कुणाचाही फायदा होत नाही.

द्राक्षवेल : पण ‘समतोल’ म्हटलं की सगळं आलबेल वाटतं, आणि विद्यार्थी तिथेच फसतात. हिशोब मांडून बघा. गंगापूर रोडला शेजारशेजारच्या गच्च्यांवर दोन लिंक, फ्रिक्वेन्सी एकच. आपला सिग्नल १ पट पोचतो, शेजारचा ०.२५ पट, नॉईज ०.१. दोघांची पॉवर १० असेल तर आपला सिग्नल ÷ (शेजारचा सिग्नल + नॉईज) हे गुणोत्तर १० ÷ (२.५ + ०.१) = ३.८५. एकाने १०० केली की त्याचं ३८.५, दुसऱ्याचं ०.४! मग दुसराही १००वर जाणारच. आता दोघेही ३.९८वर. पॉवर दहापट, फायदा जेमतेम साडेतीन टक्के. कमाल मर्यादा १०० असेल तर हाच नॅश समतोल, कारण एकट्याने ५० केली तर त्याचं गुणोत्तर निम्मं होतं.

गोदाकाठ : मग सरळ ‘कोंडी’च म्हणू या?

पंचवटीकर : नको. २.४ गिगाहर्ट्झवर तीन राउटर १, ६ आणि ११ या चॅनेलवर बसले, तर तोही नॅश समतोलच, आणि त्यात कुणाचंच नुकसान नाही. समतोल चांगला की वाईट, हे पॅरेटोच्या कसोटीवर (कुणाचंही नुकसान न करता दुसऱ्या कुणाचा फायदा करता येतो का) वेगळं तपासायचं.

गोदाकाठ : आणि ‘प्रायसिंग’, म्हणजे पॉवर वापरण्यावर दर लावणं? त्याला ‘भार’ कसा वाटतो?

द्राक्षवेल : भार म्हणजे विजेचा लोड, घोटाळा होईल. वीजबिलात ‘स्थिर आकार’ असतो, तसा ‘पॉवर आकार’ म्हणा. लाभातून दर × पॉवर वजा करायची. वरच्याच उदाहरणात लाभ म्हणजे (१ + गुणोत्तर) याचा नैसर्गिक लॉग धरला, तर दर ०.०८ ठेवल्यावर समतोल ९.९२वर येतो. दर ०.००५ ठेवला तर पुन्हा दोघेही १००वर. १० ठेवला तर दोन्ही लिंक बंद.

पंचवटीकर : ‘आकार’ पटला. एक राहिलं : ‘स्ट्रॅटेजी’ला सरसकट ‘खेळी’ नको. पॉवर १०० करणं ही खेळी. ‘शेजाऱ्याने वाढवली तर पुढच्या फेरीत मीही वाढवीन’ हा डावपेच. एकाच फेरीच्या डावात दोन्ही एकच, फेऱ्या वाढल्या की वेगळे.