जिमवाला म्हणतो, "तू एक्टोमॉर्फ, छाती भरणार नाही"

चोपड्याचा भरतीवाला
नमस्कार भो. पोलीस शिपाई भरतीची तयारी करतोय. उंची १७२ सेंमी, वजन ५४ किलो. छाती न फुगवता ७९ लागते, फुगवल्यावर ५ सेंमी वाढ. माझी ७७.५ वर अडकलीय. फुगवून ८३ भरते. पहाटे पळतो, मग बापासोबत केळीच्या बागेत. परवा जिमवाल्याने वरखाली बघितलं आणि म्हणाला, तू एक्टोमॉर्फ, म्हणजे शेलाट्या बांध्याचा, हाडच असं. आमच्याकडे आजोबांपासून सगळे काटकुळे. हे जन्माचंच असतं का? खरं सांगा, हातात चार महिने आहेत.

निवृत्त क्रीडाशिक्षक, अमळनेर
बाळा, त्याने टेप लावली होती का? एक्टोमॉर्फ वगैरे बांध्यांची ही नावं विल्यम शेल्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची, १९४० ची. कॉलेजच्या पोरांचे फोटो बघून तो गोलाई, पिळदारपणा आणि शेलाटेपणा यांना १ ते ७ असे तीन आकडे द्यायचा. म्हणजे तिन्ही प्रत्येकात असतात, कमीजास्त. बांधा जन्मभर बदलत नाही, त्यावरून स्वभावही कळतो, असं त्याचं म्हणणं. ते टिकलं नाही. १९६७ मध्ये हीथ आणि कार्टर यांनी कातडीची घडी, कोपर-गुडघ्याची रुंदी, दंड-पोटरीचा घेर मोजायची पद्धत आणली. त्यात येतो तो आजचा बांधा. व्यायामाने, खाण्याने तो बदलतो. हाडं तीच राहतील, पण टेपखाली छातीपाठीचे स्नायूही येतात. दीड सेंमीच तर हवेत! जोर आणि पुलअप वाढव.
मीही शाळेत वर्षानुवर्षं नुसतं अंग बघून पोरं कबड्डीत नाहीतर धावण्यात टाकली. ते अजून सलतं.

भुसावळची ताई
दादा, वजनासाठी रोज शेव-भजी खाऊ नको, पोटच सुटेल. कळण्याची भाकरी, डाळ, दूध, अंडी खा. माझे मिस्टर तुझ्यासारखेच सडपातळ, तरी शुगर निघाली. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच २२.३, चरबी मात्र याज्ञिकांची २१ टक्के, युडकिनांची ९. आपली माणसं वरून बारीक दिसतात, चरबी आत असते.

चोपड्याचा भरतीवाला
नाही सर, टेप लावलीच नव्हती. ७७.५ पण मी घरी आईच्या शिवणाच्या टेपने मोजलंय. रविवारी अमळनेरला येऊ का?

निवृत्त क्रीडाशिक्षक, अमळनेर
ये. सकाळी, पळून येऊ नको, आराम करून ये.