मार्चमधील बर्फात देवरियाताल ते चंद्रशिला: धारेवरून चालताना काय सांभाळावे?

भैरवगड:
नमस्कार. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघे पुण्याहून उत्तराखंडमधील चंद्रशिला शिखरावर जाणार आहोत. सारी गावातून देवरियाताल, तेथून रोहिणी बुग्याल या पहाडी कुरणाच्या डोंगरधारेने चोपता, आणि शेवटच्या दिवशी पहाटे तुंगनाथ मंदिरामार्गे शिखर, असा बेत आहे. सह्याद्रीत आम्ही बारा वर्षे फिरत आहोत. भर पावसातले निसरडे कातळ आणि उन्हाळ्यातला घसारा, म्हणजे सुट्या मातीदगडांचा उतार, दोन्ही अंगवळणी पडलेले आहेत. बर्फावर मात्र आमच्यापैकी कोणीही आजवर पाऊल ठेवलेले नाही. यंदा तिकडे उशिरापर्यंत बर्फ पडल्याचे समजले. सह्याद्रीतील सवयींपैकी कोणत्या तेथे उपयोगी पडतात आणि कोणत्या घातक ठरतात, हे अनुभवी मंडळींकडून जाणून घ्यायचे आहे. सोबत माझी मोठी बहीण आहे. तिचे वय 54 असून उतरताना तिचा गुडघा दुखतो.

बुरांश:
हा मार्ग मी मार्चमध्ये दोनदा आणि एप्रिलमध्ये एकदा केला आहे. सर्वांत आधी एक गोष्ट मनात पक्की करावी: मार्चमधील बर्फ दिवसभर एकसारखा राहत नाही. दिवसाच्या उन्हाने त्याचा वरचा थर वितळतो आणि रात्री तोच थर पुन्हा गोठतो, त्यामुळे पहाटे चार वाजता जो उतार स्वयंपाकघरातील कडप्प्यासारखा टणक आणि गुळगुळीत असतो, तोच सकाळी अकराला इतका भुसभुशीत होतो की पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. म्हणून येथे अंतरापेक्षा घड्याळाकडे अधिक लक्ष द्यावे लागते. चोपत्याहून तुंगनाथ साडेतीन किलोमीटर आणि पुढे शिखर सुमारे दीड किलोमीटर, हे कागदावर किरकोळ वाटते. पण चोपता सुमारे 2,700 मीटरवर, तुंगनाथ 3,680 मीटरवर आणि चंद्रशिला सुमारे 4,000 मीटरवर आहे. म्हणजे एका सकाळीत तेराशे मीटर चढून तेवढेच उतरायचे, तेही हवा विरळ असताना. आम्ही चारला निघालो, सूर्योदयानंतर फार वेळ न रेंगाळता उतरायला लागलो आणि दहाच्या आत तुंगनाथच्या खाली पोचलो. आमच्यामागून नऊला निघालेल्या एका गटाला तेच अंतर उतरायला दुप्पट वेळ लागला.

देवरियातालपासूनच्या धारेचे गणित थोडे वेगळे आहे. तेथे उघड्या कुरणावरचा बर्फ उन्हाने लवकर जातो, पण बांज (ओक) आणि बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) यांच्या झाडीतल्या उत्तरेकडच्या सावलीच्या वाटेवर तो बर्फाळ काचेसारखा उरतो, आणि त्यावर पडलेल्या सुक्या पानांमुळे तो दिसतच नाही. घसरण्याचे माझे तिन्ही प्रसंग उघड्या उतारावरचे नसून या झाडीतलेच आहेत. ओढ्यावर साचलेला बर्फ दुपारपर्यंत खालून पोकळ झालेला असतो. खालून पाण्याचा आवाज येत असेल तर एकेकाने आणि काठीने चाचपूनच पुढे जावे. बुरांश मात्र याच दिवसांत फुलू लागतो. पांढऱ्या उतारावर त्याचे लालभडक गुच्छ पहिल्यांदा दिसतात, तेव्हा आधीची सारी दमछाक विसरायला होते.

कातळकोरा:
बुटांना लावायच्या काट्यांविषयी, म्हणजे मायक्रोस्पाइकविषयी, मला सविस्तर लिहावेसे वाटते, कारण त्यातील हलगर्जीपणामुळे माझ्या मित्राचे मनगट मोडले. आम्ही काटे भाड्याने घेतले होते आणि देणाऱ्याने ते पिशवीत बांधून दिले होते. पहाटे, उणे तापमानात, टॉर्चच्या उजेडात आम्ही ते प्रथमच बाहेर काढले. मित्राच्या डाव्या काट्याचे रबर टाचेपाशी तडकलेले होते. ‘चालेल’ असे आम्हीच ठरवले. तुंगनाथच्या वर एक उतार आडवा ओलांडताना ते रबर तुटले, काटे बुटाखालून बाजूला सरकले आणि तो दहा-बारा मीटर घसरत जाऊन एका खडकाला अडकला. खडक तेथे होता म्हणून केवळ मनगटावर निभावले.

म्हणून काटे घरीच उघडून पाहा. रबर दोन्ही हातांनी पूर्ण ताणा, साखळीची प्रत्येक कडी तपासा आणि ज्या बुटांवर ते वापरायचे त्यांवरच, हातमोजे घालून, दोनदा चढवून पाहा. बोटे गारठल्यावर हे काम शिकता येत नाही. टणक बर्फ सुरू होण्याच्या आधी, सपाट जागी ते चढवावेत. उतारावर एका पायावर उभे राहून नव्हे. उन्हे चढल्यावर काट्यांखाली ओल्या बर्फाचे गोळे जमतात आणि मग काटे असून नसल्यासारखे होतात, तेव्हा चालता चालता बुटाच्या कडेवर काठीने टोला मारून ते पाडावेत.

आपण सह्याद्रीतील सवयींविषयी विचारले आहे. घसाऱ्यावर घाबरलो की आपण खाली बसतो आणि बुडाने सरकत उतरतो. टणक बर्फावर ही सवय जीवघेणी ठरू शकते, कारण बसल्याबरोबर काट्यांची पकड सुटते आणि वेग वाढत जातो. बर्फ मऊ असेल तर शरीराचा भार थोडा पुढे ठेवून टाच खोलवर रोवत उतरावे. टणक असेल तर पूर्ण तळवा टेकवावा, म्हणजे सगळे काटे एकदम रुततात. बहिणीच्या गुडघ्यासाठी दोन काठ्या घ्याव्यात, एक नव्हे, आणि उतरताना त्यांची लांबी वाढवावी.

भैरवगड:
दोघांचेही मनापासून आभार. बसून सरकण्याची सवय आम्हा चौघांनाही आहे, त्यामुळे हे वाचून धडकीच भरली. आणखी दोन शंका आहेत. शिखराच्या टोकापर्यंत जाणे सुरक्षित असते का? आणि बहिणीने कोठे थांबावे?

दोरखंड:
उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत मी 28 दिवसांचा प्राथमिक अभ्यासक्रम केला आहे. तेथे शिकलेले आणि नंतर पाहिलेले लिहितो.

वाऱ्याने धारेवरचा बर्फ एका बाजूला ढकलला जातो आणि घराच्या वळचणीसारखा कड्याबाहेर लोंबतो. वरून पाहणाऱ्याला ती सपाट जमीनच वाटते, पण खाली काहीच नसते. चंद्रशिलेच्या माथ्यावर छायाचित्रासाठी लोक नेमके याच काठाशी जातात. माथ्यावरच्या छोट्या मंदिराजवळ, जेथे खडक उघडा दिसतो, तेथेच थांबावे. चौखंबा, केदारनाथ, त्रिशूल, नंदादेवी तेथूनही तेवढ्याच स्पष्ट दिसतात.

पश्चिमी झंझावाताने ताजा बर्फ पडला असेल तर किमान एक दिवस, शक्यतो दोन, चोपत्याच्या वर जाऊ नये. सर्वाधिक हिमस्खलने 30 ते 45 अंशांच्या उतारांवर होतात. तुंगनाथची फरसबंद वाट बर्फाखाली गेली की वाट आणि उतार एक होतात, आणि आधी गेलेल्यांच्या पाऊलखुणा वळणे सोडून अशाच उतारांवरून सरळ वर चढलेल्या असतात. पाऊलखुणा दिसतात म्हणून त्या सुरक्षित समजू नयेत. चंदीगडची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाच्या धोक्याची पूर्वसूचना देते. निघण्याआधी रुद्रप्रयाग आणि चमोली जिल्ह्यांसाठी काही सूचना आहे का, ते पाहावे आणि स्थानिक वाटाड्याचा शब्द अंतिम मानावा.

आपल्या भगिनींसाठी तुंगनाथ हा उत्तम थांबा आहे. हिवाळ्यात मंदिर बंद असते आणि देवाची उत्सवमूर्ती खालच्या मक्कूमठ गावी असते, त्यामुळे दर्शन किंवा वर चहा मिळेल असे गृहीत धरू नये. एकाने त्यांच्यासोबत थांबावे, आणि तो कोण हे आदल्या रात्रीच ठरवावे. शिखर समोर दिसू लागल्यावर असे निर्णय नीट होत नाहीत. डोकेदुखीबरोबर मळमळ किंवा तोल जाणे सुरू झाले, तर ती व्यक्ती कितीही तरुण असो, तेथूनच खाली न्यावे. काळे चष्मे चौघांनाही हवेत. ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरणे परावर्तित करतो, आणि डोळ्यांची आग काही तासांनी, संध्याकाळी तंबूत सुरू होते, त्यामुळे सकाळी धोका जाणवतच नाही.

भैरवगड:
चोपत्याला एक दिवस वाढवला आहे, म्हणजे बर्फ पडला तर थांबता येईल. बहिणीशी बोललो, ती तुंगनाथला थांबेल आणि तिच्यासोबत मी थांबणार आहे. काल भाड्याचे काटे घरी आणून चारही जोड्या हातमोजे घालून चढवून पाहिल्या. एका जोडीची पुढची कडी उघडलेली निघाली. दुकानदाराने ती लगेच बदलून दिली.