वाढीव वॉरंटी घ्यावी का? (टर्बो पेट्रोल, ऑटोमॅटिक)

चौथा_गिअर:
गाडी टर्बो पेट्रोल, सात गिअरचा ड्राय ड्युअल क्लच, म्हणजे तेलात न बुडवलेल्या दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मूळ वॉरंटी ३ वर्षे किंवा १ लाख किमी, जे आधी होईल ते. दोन महिन्यांत संपतेय. रनिंग महिन्याला १,५०० किमी. शोरूमवाले आणखी २ वर्षे, १,४०,००० किमीपर्यंतची वाढीव वॉरंटी घ्या म्हणून मागे लागलेत. आजवर गाडीची काही कुरबुर नाही. घेण्यात अर्थ आहे का?

स्पॅनर_१३:
या गिअरबॉक्सला घ्याच. त्यातलं मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे व्हॉल्व्ह, सेन्सर आणि कंट्रोलर एकत्र असलेला भाग, बिघडलं की वर्कशॉप सहसा उघडत बसत नाही, अख्खं बदलतं. टर्बो, एसी कॉम्प्रेसर, इलेक्ट्रिक स्टिअरिंग हेही असेच खिसा रिकामा करणारे. मात्र क्लचपॅक, म्हणजे दोन्ही क्लचचा संच, वॉरंटीत येतो का हे लेखी विचारा. ट्रॅफिकमध्ये गाडी रांगत चालवली की ड्राय क्लच तापतो, झिजतो, आणि बऱ्याच योजनांत तो ब्रेक पॅड, वायपरच्या रांगेत 'झीज' म्हणून बसवलेला असतो.

किलोमीटरच्या आकड्याला भुलू नका. पाच वर्षांत तुमचे ९०,००० होणार. १ लाखापर्यंतची स्वस्त योजना असेल तर तीच घ्या.

ऑइल_सील:
सहमत, पण घेताना कंपनीचीच घ्या. बाहेरच्या योजनांत एका क्लेमची मर्यादा, सुरुवातीचा प्रतीक्षा काळ आणि आधी मंजुरी, मग काम अशी अट असते. मंजुरीआधी गिअरबॉक्स खोलला की क्लेम गेला. आणि खोलून पाहिल्यावर दोष योजनेत बसला नाही, तर खोलायची मजुरी कोण देणार? हे कलम शोधा.

क्लेम नाकारायची नेहमीची कारणं: सर्व्हिस चुकली, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) रिमॅप केला, म्हणजे ताकद वाढवायला त्याचं सॉफ्टवेअर बदललं, हॉर्न किंवा लाइटसाठी मूळ वायरिंग कापली. आणखी एक, लोकांना न पटणारं: रेडिएटरचा पाइप फुटणं क्लेममध्ये बसेल, पण तापमानाचा काटा लाल पट्ट्यात असताना गाडी दामटली आणि हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) उडाली, तर ते निष्काळजीपणात जातं. पुराचं पाणी इंजिनात शिरणं तर वॉरंटीत येतच नाही, तो विम्याचा विषय.

कर्जात ही रक्कम घालू नका, तिच्यावरही व्याज भराल.

साधा_पेट्रोल:
साधं पेट्रोल, मॅन्युअल, टर्बो नाही, महिन्याला ३,००० किमी. मूळ वॉरंटी तेवढीच. मला ५ वर्षे किंवा १,२०,००० किमीची देतायत.

स्पॅनर_१३:
सोडा. तुमचे १ लाख ३४व्या महिन्यातच होतील. वाढीव २०,००० पुढच्या सात महिन्यांत उडतील. म्हणजे दोन वर्षांचे पैसे भरून सात महिन्यांचं संरक्षण. तेच पैसे बाजूला टाका.

चौथा_गिअर:
मग ऐन शेवटच्या दिवशी घेतली तर चालेल?

ऑइल_सील:
चालेल, पण एक दिवस जरी उलटला तरी तपासणी आणि जास्त दर मागू शकतात. त्याआधी गाडी लिफ्टवर चढवून घ्या. गिअरबॉक्सच्या सीलपाशी ओल, टर्बोच्या पाइपला तेल, पहिल्या-दुसऱ्या गिअरमधला झटका, जे दिसेल ते जॉबकार्डवर (वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीवर) लिहायला लावा आणि प्रत घ्या. तोंडी सांगितलेलं नंतर 'आधीपासूनचा दोष' ठरतं, लिहिलेलं मूळ वॉरंटीतच दुरुस्त होतं. गाडी विकायचा विचार असेल तर वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होते का, तेही विचारून ठेवा.