१९५० च्या सुमारास इंग्लंडमधे घरी येणारी नर्स : पैसे कोण द्यायचं?

रॉचडेलवासी
नमस्कार मंडळी, मी मँचेस्टरजवळ रॉचडेलला राहते. शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्या सातेक वर्षांच्या असताना वडील अंथरुणाला खिळले होते आणि रोज सकाळी सायकलवरून नर्स यायची, आली की टेबलावर जुना पेपर पसरायची, त्यावर बॅग, मग हात धुवायला गरम पाणी मागायची. घरात पैशाची ओढाताण, मग हिची फी कोण भरायचं? आणि बाळं तपासायला यायची ती हीच का?

जुनेकागद
फी नव्हती. ५ जुलै १९४८ ला एनएचएस, म्हणजे तिकडची सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली आणि घरी नर्स पुरवणं ही कौंटी नाहीतर मोठ्या गावाच्या कौन्सिलची कायदेशीर जबाबदारी झाली. त्याआधी बऱ्याच गावांत नर्सिंग असोसिएशन असायच्या, लोक आठवड्याला पेनी-दोन पेनी वर्गणी भरायचे. सुरुवात लिव्हरपूलची, १८५९ मधे विल्यम रॅथबोन नावाचा व्यापारी बायकोच्या आजारपणात सेवा केलेल्या मेरी रॉबिन्सनलाच गरिबांच्या घरी पाठवायला लागला.
बाळांसाठी यायची ती हेल्थ व्हिजिटर, वेगळी. ती इंजेक्शन देत बसायची नाही, दूध कसं पाजायचं, लस कधी, हेच घरोघर सांगायची. आणि त्या सांगण्याला कमी लेखू नका! तीसच्या दशकात इंग्लंड-वेल्समधे घटसर्पाने वर्षाला तीन हजारांच्या आसपास माणसं जायची, बहुतेक पोरंच. १९४० पासून लसीची मोहीम लावून धरली, पोस्टर, रेडिओ सगळं झालं, पण घाबरलेल्या आईला समजावणारं कुणीतरी दारात यायलाच लागतं. १९५० पर्यंत मृत्यू पन्नासच्या आसपास आले.

निवृत्त_एलएचव्ही
ताई, पेपरचं वाचून अंगावर काटा आला, आम्हा एलएचव्हींना, म्हणजे लेडी हेल्थ व्हिजिटरना, अगदी हेच शिकवलंय! बॅग टेक्निक म्हणतात. बॅग थेट कुणाच्या टेबलावर, जमिनीवर ठेवायची नाही, कारण तीच पुढच्या घरी जायची असते. साबण, टॉवेल वरच्या कप्प्यात, आधी तेवढंच काढायचं, हात धुवायचे, मगच आत हात घालायचा. हे शिक्षण तिकडूनच आपल्याकडे आलं, दिल्लीचं लेडी रीडिंग हेल्थ स्कूल १९१८ चं. मी वाड्यावस्त्यांवर हिंडले तेव्हा बायका माझं बोलणं ऐकायच्या कमी आणि हात कसे धुते ते बघायच्या जास्त. पुढच्या वेळी न सांगता पाणी, साबण तयार असायचा. आजींच्या आईनेही तसंच शिकून घेतलं असणार, विचारून बघा ना.

रॉचडेलवासी
विचारलं! नर्स एकदाच यायची, बाकीचा दिवस आईच करायची. अंगाखालच्या आडव्या चादरीने एकटीने कूस कशी वळवायची ते नर्सने दाखवलं होतं, मग पाठ आणि टाचा रोज बघायच्या, लाल दिसलं की तिला सांगायचं. आजी म्हणाल्या टाचा बघायचं काम माझ्याकडे होतं. आणि शेवटपर्यंत वडिलांना एकही बेडसोर (पडून राहून होणारी जखम) झाला नाही.